अपघातात माणूस गेल्यानंतर: इंदुरात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी कायद्याची वाट

लोकमान्य नगरात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकूंचा मुलगा रिंगरोडवर मोटारीच्या धडकेत गेला. त्याच्या तेराव्यानंतर चारच दिवसांनी त्या मोटारीच्या चालकाचे मामा त्यांच्या घरी येऊन बसले आणि हात जोडून म्हणाले, "माताजी, राजीनामा कर लीजिए." काकूंना पुण्याहून मुलाकडे राहायला येऊन जेमतेम वर्ष झाले होते. हे मुलाच्या कंपनीतले कोणी असावेत असे त्यांना वाटले आणि त्यांनी विचारले, की माणूसच राहिला नाही तर नोकरीचा राजीनामा कोणी द्यायचा. इंदूरच्या ठाण्यात आणि कचेरीत राजीनामा म्हणजे तडजोड, हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. समोर ठेवलेल्या स्टॅम्प पेपरवर त्या सही करणार, एवढ्यात मी सहज म्हणून त्यांच्याकडे गेले आणि तो कागद तसाच राहिला.

मी इंदूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि माझे निम्म्याहून अधिक काम अपघातांच्या दाव्यांचे आहे. नोकरीमुळे किंवा लग्न होऊन या शहरात आलेल्या, इथले ठाणे कधी न पाहिलेल्या मराठी कुटुंबांसाठी हा लेख आहे. कायदा देशभर एकच असला तरी ठाण्यातली बोली आणि कामाची रीत इथली आहे, आणि दुःखाच्या दिवसांत त्या बोलीतच माणूस अडतो.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. अपघाती मृत्यूनंतर दोन स्वतंत्र प्रकरणे चालतात. चालकाला शिक्षा व्हावी म्हणून सरकार जो खटला चालवते ते एक, आणि कुटुंबाला भरपाई मिळावी म्हणून आपण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे इथल्या भाषेत 'क्लेम'मध्ये, जो दावा करतो ते दुसरे. भरपाई घेतली म्हणून चालक सुटत नाही आणि चालक निर्दोष सुटला म्हणून भरपाई बुडत नाही, कारण फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो, तर न्यायाधिकरणात कोणती बाजू अधिक संभवनीय आहे एवढेच पाहिले जाते. मात्र दोन्ही प्रकरणे एकाच पुराव्यावर उभी असतात आणि तो पुरावा पहिल्या पंधरवड्यातच गोळा होतो किंवा हातचा जातो. शिक्षा किती होणार याचा निर्णय न्यायाधीश काही वर्षांनी देत असले, तरी त्याचा पाया या पंधरा दिवसांत घातला जातो, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

पहिला दिवस

जखमी माणसात जीव असेल तर ११२ किंवा १०८ ला फोन करून त्याला जवळच्या रुग्णालयात न्यावे आणि पैशांसाठी थांबू नये. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी रोकडरहित उपचारांची केंद्र सरकारची योजना लागू झाली असून, तिच्यात नोंदवलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत उपचार मिळतात. ज्या अनोळखी माणसाने जखमीला उचलून आणले असेल, त्याचे नाव आणि फोन नंबर आदराने विचारून ठेवावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ नुसार अशा मदतगाराला संरक्षण असून त्याच्यावर साक्षीची सक्ती करता येत नाही, पण तो स्वखुशीने बोलायला तयार असेल तर त्याच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा मिळणार नाही.

मृत्यू झाल्यास ठाण्यात प्रथम 'मर्ग' कायम होतो. ही आकस्मिक मृत्यूची नोंद असते, ती म्हणजे गुन्ह्याची नोंद नव्हे. त्यानंतर मृतदेहाचा पंचनामा होतो आणि शवविच्छेदन होते, ज्याला इथे सगळे 'पीएम' म्हणतात. शहरातील बऱ्याच प्रकरणांत ते एम. वाय. या सरकारी रुग्णालयात होते. शवविच्छेदन टाळण्याचा मोह घरच्यांना होतो, तो आवरावा. विशेषतः माणूस अपघातानंतर दोन-तीन आठवडे अंथरुणाला खिळून मग घरीच दगावला असेल, तर नातेवाईक परस्पर अंत्यसंस्कार उरकतात आणि पुढे विमा कंपनीचा वकील विचारतो, की मृत्यू अपघातातल्या दुखापतीनेच झाला हे कशावरून. त्या प्रश्नाला शवविच्छेदन अहवालाखेरीज दुसरे भक्कम उत्तर नसते. म्हणून अशा वेळी आधी ठाण्यात कळवावे. जखमी असताना नोंदवलेल्या गुन्ह्यात दुखापतीचे कलम असते आणि मृत्यूनंतर तपास अधिकारी मृत्यूचे कलम वाढवतो. त्याला इथे 'धारा इजाफा' म्हणतात आणि तो झाला की नाही हे आपण विचारून खात्री करून घ्यायची असते.

त्यानंतर एफआयआर. इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, पण जिल्ह्याचा ग्रामीण भाग वेगळ्या पोलीस अधीक्षकांकडे आहे. बायपासवर झालेला अपघात लसूडिया ठाण्यात येतो, कनाडिया ठाण्यात, की तेजाजी नगर ठाण्यात, हे नव्या माणसाला कळणे शक्य नसते. त्याने अडून बसू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्याला हद्दीचा विचार न करता फिर्याद घ्यावी लागते. फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गानेही पाठवता येते, मात्र तशी पाठवल्यास तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला आणि पीडिताला विनामूल्य मिळते. ठाण्याने फिर्याद घेतलीच नाही तर ती लेखी स्वरूपात वरिष्ठ अधिकाऱ्यांना टपालाने पाठवावी, आणि तरीही काही हालले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

फिर्याद सांगताना जे स्वतः पाहिले आणि जे दुसऱ्याकडून ऐकले, ते वेगवेगळे सांगावे. रागाच्या भरात "गाडी शंभरच्या वेगाने होती" असे न पाहता लिहून दिले, तर उलटतपासणीत तेच वाक्य आपल्यावर उलटते. लिहिलेले पूर्ण वाचून, न समजलेला शब्द विचारून मगच सही करावी.

कोणते कलम, किती शिक्षा

१ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या अपघातांना जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम ३०४अ लागू होते आणि त्यात जास्तीत जास्त दोन वर्षांचा कारावास, दंड किंवा दोन्ही होते. त्या तारखेपासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १०६(१) नुसार बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने मृत्यू घडवणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि त्याबरोबर दंड होऊ शकतो. त्याच्या जोडीला सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे वाहन चालवल्याबद्दल कलम २८१, आणि दुसरे कोणी जखमी असतील तर कलम १२५ लावले जाते.

कलम १०६(१) चा गुन्हा दखलपात्र असला तरी जामीनपात्र आहे, आणि इथे नवागत कुटुंबाला सर्वांत मोठा धक्का बसतो. घरात अजून सुतक असते आणि कोणीतरी येऊन सांगते, की तो चालक ठाण्यातूनच सुटला, आज दुकानावर बसलेला पाहिला. पोलीस फितले असा अर्थ त्यातून लगेच काढू नये. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. खटला उभाच राहतो, आणि आपला राग आपण पुराव्याच्या कामी लावला पाहिजे.

याहून गंभीर कलम आहे ते १०५, म्हणजे खून या सदरात न मोडणारा सदोष मनुष्यवध. आपल्या कृत्याने कोणाचा तरी जीव जाण्याची शक्यता आहे हे ठाऊक असूनही चालकाने ते केले असेल, तर या कलमाखाली दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तो सत्र न्यायालयात चालतो. एका अपघाताला १०६ लागेल की १०५, हा साऱ्या प्रकरणाचा कणा आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा. १०६ मध्ये चालक बेफिकीर असतो. १०५ मध्ये तो जाणून असतो. हे 'जाणून असणे' कोणाच्या मनात शिरून पाहता येत नाही, ते परिस्थितीवरून काढावे लागते: रस्त्यावर गर्दी होती का, गाडी उलट दिशेने किंवा प्रवेशबंदीच्या वेळेत आणली होती का, चालक दारू प्यायलेला होता का, आधी कोणी हटकले होते का, आणि पहिली धडक बसल्यावर तो थांबला की तसाच पुढे निघाला.

मुंबईत १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे कार्टर रोडच्या पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार चढून सात जणांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखालची दोषसिद्धी आणि तीन वर्षांची शिक्षा कायम ठेवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीच्या लोधी रोडवरील १९९९ च्या प्रकरणात, ज्यात सहा जण मृत्युमुखी पडले होते, न्यायालयाने निष्काळजीपणाचे कलम बाजूला सारून सदोष मनुष्यवधाचेच कलम लावले, मात्र शिक्षा भोगलेल्या काळापुरतीच ठेवून त्याला मोठी रक्कम आणि समाजसेवा जोडली. या दोन निकालांवरून वकील मंडळी आजही युक्तिवाद करतात. त्यांतून एवढे ध्यानात घ्यावे, की मोठे कलम लागले म्हणजे मोठी शिक्षा होतेच असे नाही, आणि चालक दारू प्यायलेला होता एवढ्यावरच मोठे कलम टिकते असेही नाही.

आपल्याच शहरात १५ सप्टेंबर २०२५ च्या संध्याकाळी कालानी नगर ते बडा गणपती या रस्त्यावर प्रवेशबंदी असताना ट्रक शिरला आणि तो माणसांना व वाहनांना धडका देत पुढे जात राहिला, हे इंदूरकर विसरलेले नाहीत. चालक नशेत असल्याचा आरोप, प्रवेशबंदी, संध्याकाळची गर्दी आणि पहिल्या धडकेनंतरही न थांबणे, या चारही गोष्टी वर सांगितलेल्या कसोटीशी ताडून पाहिल्या, तर पोलिसांना आपण कोणत्या बाबी नोंदवायला सांगायच्या हे लगेच उमगते.

पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांची शिक्षा असे बरेच जण ऐकून असतात. ते कलम १०६(२) आहे. त्याविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी देशभर संप केला आणि संहिता लागू करताना नेमके हे पोटकलम वगळण्यात आले. ते लागू झाल्याची अधिसूचना निघेपर्यंत पोलीस ते लावू शकत नाहीत, म्हणून त्यासाठी ठाण्यात वाद घालून शक्ती खर्च करू नये. पळून जाणे हा मोटार वाहन कायद्याखाली गुन्हा आहेच. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे चालकावर कलम १३४ ने बंधनकारक आहे आणि ते मोडल्यास कलम १८७ लागते.

दारूबाबत कलम १८५ आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही होतात. यातली खरी अडचण वेळेची असते, कारण रक्तातले अल्कोहोल तासागणिक उतरत जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घेतलेला नमुना जवळजवळ निरुपयोगी असतो. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये मे २०२४ मध्ये मोटारीच्या धडकेने गेलेले दोन्ही तरुण अभियंते मध्य प्रदेशचे होते. त्या प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप झाला आणि एका नमुन्यावर केवढे अवलंबून असते हे साऱ्या देशाने पाहिले. म्हणून चालक पकडला गेला असेल तर त्याच रात्री लेखी अर्ज देऊन त्याची वैद्यकीय तपासणी किती वाजता झाली आणि नमुना कोठे पाठवला, हे विचारावे आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

गाडी अल्पवयीन मुलाच्या हाती असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, पण पालक किंवा गाडीमालक सुटत नाही. कलम १९९अ नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५,००० रुपये दंड होतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

पुरावा

काकूंच्या मुलाच्या प्रकरणात अपघाताच्या जागेसमोर एक किराणा दुकान होते आणि त्याच्या पाटीखाली रस्त्याकडे तोंड केलेला कॅमेरा होता. आम्ही दुकानात गेलो तो अपघातानंतरचा सतरावा दिवस होता. दुकानदार भला माणूस होता. त्याने गल्ल्यामागचा पडदा सरकवून यंत्र दाखवले, तारीख मागे मागे नेली आणि पडद्यावर सर्वांत जुनी तारीख उमटली ती अपघाताच्या दुसऱ्या दिवसाची. यंत्रात सोळा दिवसांचेच चित्रण मावत होते आणि त्यापलीकडचे आपोआप पुसले जात होते. एक दिवस आधी गेलो असतो तर गाडी सिग्नल मोडून आली की नाही याबद्दल वाद उरला नसता. तपास करणाऱ्याने तोवर तिथे चौकशीही केलेली नव्हती.

म्हणून अंत्यसंस्कार झाल्यावर कुटुंबातल्या एका शांत डोक्याच्या माणसावर हेच काम सोपवावे. त्याने दोन्ही बाजूंची दुकाने, बँका, पेट्रोल पंप आणि घरे पायी हिंडून पाहावीत, कोणता कॅमेरा कोठे आहे याची यादी करावी आणि त्या दिवसाचे अमुक वेळेपासून अमुक वेळेपर्यंतचे चित्रण जप्त करावे असा लेखी अर्ज तपास अधिकाऱ्याला, ज्याला इथे विवेचक म्हणतात, द्यावा. चौकातल्या सरकारी कॅमेऱ्यांचाही अर्जात उल्लेख करावा. यंत्राच्या पडद्याचे मोबाइलवर घेतलेले चित्रण आठवणीपुरते ठीक, पण न्यायालयात चालण्यासाठी भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. ते नसल्याने चांगला पुरावा बाद झालेला मी पाहिला आहे.

गाडीचेही तसेच. जप्त केलेली गाडी यांत्रिक तपासणी झाल्यावर 'सुपुर्दनाम्या'वर, म्हणजे हमीपत्रावर, मालकाला परत मिळते आणि मग पुढची काच, बंपर, रंग सारे बदलले जाते. ती ठाण्याच्या आवारात उभी असतानाच सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, टायर आणि ब्रेकची स्थिती अहवालात आली आहे का हे विचारावे. तृतीय पक्ष विमा नसलेली गाडी पुरेशी हमी घेतल्याशिवाय सोडू नये असा दंडक आहे, त्याची आठवण लेखी करून द्यावी, कारण पुढे भरपाई वसूल करण्यासाठी कदाचित तेवढीच मालमत्ता हाती लागते. नकाशातही लक्ष घालावे. 'नक्शा मौका' या कागदावर गाडी कोणत्या बाजूला होती, चाकांच्या घसरणीच्या खुणा किती लांब होत्या, दिवे होते की नाही, हे काढलेले असते. घटनास्थळी त्या वेळी आपल्यातले कोणी असेल तर त्याने तो पाहून मगच सही करावी.

एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांच्या आत पहिला अपघात अहवाल, ५० दिवसांत अंतरिम अहवाल आणि ९० दिवसांत तपशीलवार अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि पीडित कुटुंबाला त्यांचे हक्क सांगणारा नमुना दहा दिवसांत द्यायचा असतो. हे सगळे कागद आपण नावानिशी मागितले, तर ठाण्यातील बोलण्याचा सूर बदलतो असा माझा अनुभव आहे. तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे हेही आता कायद्याने बंधनकारक आहे. तपास संपला की दोषारोपपत्र दाखल होते, त्याला इथे 'चालान पेश होना' म्हणतात. वाहतूक पोलीस फाडतात त्या पावतीशी या चलानाचा काही संबंध नाही.

गाडी सापडलीच नाही तर

धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही, तर केंद्राच्या योजनेतून मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपये मिळतात. अर्ज त्या भागातील उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा असतो आणि मंजुरी जिल्हाधिकारी देतात. सोबत एफआयआर, शवविच्छेदन अहवाल, ओळखपत्रे आणि बँक पासबुकाची प्रत जोडावी. पुढे वाहन सापडून पूर्ण भरपाई मिळाली तर ही रक्कम परत करावी लागते.

भरपाईचा दावा

कायद्यात २०१९ ची दुरुस्ती एप्रिल २०२२ पासून लागू झाल्यावर दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली. या मुदतीला न्यायालयांत आव्हान दिले गेले आहे, पण कोणाच्या आव्हानाच्या भरवशावर आपण थांबू नये. दावा अपघात झाला तिथे, आपण राहतो तिथे किंवा प्रतिवादी राहतो तिथे करता येतो, म्हणून इंदुरात राहणाऱ्या विधवेला नाशिकजवळ झालेल्या अपघाताच्या तारखांसाठी नाशिकला खेटे घालावे लागत नाहीत.

रक्कम कशी निघते ते एका उदाहरणाने सांगते. समजा, मृत व्यक्ती ३८ वर्षांची होती, स्वतःचा छोटा व्यवसाय करून महिन्याला २४,००० रुपये कमावत होती आणि मागे पत्नी, दोन मुले व आई आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या घटनापीठाच्या निकालानुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारी माणसाच्या उत्पन्नात भावी वाढ म्हणून ४० टक्के मिळवतात, म्हणजे ३३,६०० होतात. अवलंबून असणारे चार असल्याने त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा करतात, उरतात २५,२००. वर्षाचे ३,०२,४०० होतात आणि ३६ ते ४० या वयोगटाचा गुणक १५ असल्याने ४५,३६,००० रुपये येतात. त्याशिवाय अंत्यविधी, संपत्तीची हानी आणि साहचर्य गमावल्याबद्दलच्या ठराविक रकमा मिळतात, ज्या २०१७ मध्ये अनुक्रमे १५,०००, १५,००० आणि ४०,००० ठरल्या आणि दर तीन वर्षांनी दहा टक्क्यांनी वाढतात. गृहिणी गेली तर तिचे उत्पन्न शून्य धरत नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

सारा हिशेब उत्पन्नाच्या पुराव्यावर चालतो. मृत्यूपूर्वी भरलेली आयकर विवरणपत्रे, बँकेचे उतारे, पगारपत्रके जपून ठेवावीत. मृत्यूनंतर घाईने भरलेल्या विवरणपत्राकडे न्यायाधिकरण संशयाने पाहते.

मराठी कुटुंबांची इथे आणखी एक अडचण होते, ती इतर कोणाच्या ध्यानातही येत नाही. आपल्याकडे लग्नानंतर बाईचे आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते आणि काही घरांत पाळण्यातले नावही बदलते. बँकेच्या पासबुकावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरेच, आणि मध्य प्रदेशच्या समग्र आयडीत, म्हणजे राज्य सरकारच्या कुटुंब-ओळखीच्या नोंदीत, नुसते नाव व 'पति' या रकान्यात नवऱ्याचे नाव, असा घोळ झाला, की मंजूर झालेली रक्कमही महिनोन्महिने अडकते. विवाह नोंदणीचा दाखला आणि सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र दाव्यासोबतच जोडावे.

रुग्णालयाच्या दारात "दहा टक्के द्या, सगळे बघतो" म्हणणारे दलाल भेटतात. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवणे वकिलाला नियमाने मनाई आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा. स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी तिथे विनामूल्य वकील मिळतो.

खटला उभा राहिल्यावर

कलम १०६ चा खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे चालतो आणि सरकारची बाजू सरकारी वकील मांडतात, ज्यांना इथे एडीपीओ म्हणून ओळखतात. त्यांच्याकडे एकेका दिवशी कितीतरी प्रकरणे असतात, म्हणून पेशीच्या, म्हणजे सुनावणीच्या तारखेच्या, आधी त्यांना भेटून आपल्या साक्षीदारांची नावे आणि पत्ते सांगावेत. न्यायालयाच्या परवानगीने त्यांना साहाय्य करण्यासाठी आपला स्वतःचा वकीलही देता येतो. प्रकरण किरकोळ कलमात बसवले गेले आहे असे वाटल्यास कलम वाढवण्याची मागणी आरोप निश्चित होण्याच्या टप्प्यावरच केली पाहिजे.

आता राजीनाम्याविषयी. कलम १०६ चा गुन्हा तडजोडीने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही, म्हणून घरी बसून केलेल्या स्टॅम्प पेपरने खटला संपत नाही. मग तो कागद कशाला हवा असतो? त्यात बहुधा एक ओळ असते, की अपघात मृताच्याच चुकीने झाला, चालकाचा दोष नाही. ती ओळ खटल्यात साक्षीदार फिरवायला आणि क्लेममध्ये भरपाई कापायला वापरली जाते. काकूंपुढच्या कागदात ती सहाव्या ओळीत होती, बारीक अक्षरात, आणि रकमेची जागा मोकळी होती. विमा कंपनीशी तडजोड करायची असेल तर ती न्यायाधिकरणापुढे किंवा लोक अदालतीत करावी. तिथे ती उजेडात होते, मात्र लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, हे सही करण्याआधी समजून घ्यावे.

चालकाच्या बाजूने "आम्ही भरपाई दिली आहे, शिक्षा कमी करा" असे सांगितले जाते. पंजाबच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने अशाच कारणाने शिक्षा भोगलेल्या २४ दिवसांवर आणली होती. मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अपुरी ठरवून सहा महिन्यांची केली. शिक्षेवरील सुनावणीच्या दिवशी हा निकाल सरकारी वकिलांच्या हाती असेल असे पाहावे. चालक निर्दोष सुटला किंवा हलक्या कलमात दोषी ठरला, तर पीडिताच्या कुटुंबाला स्वतः अपील करण्याचा हक्क आहे.

न्यायाधिकरणाचा निवाडा झाल्यावर विमा कंपनीने तीस दिवसांत रक्कम जमा करायची असते. रक्कम कमी वाटली तर नव्वद दिवसांच्या आत उच्च न्यायालयात अपील करता येते, ज्याचे खंडपीठ इंदुरातच आहे. त्यासाठी निवाड्याच्या प्रमाणित प्रतीचा, म्हणजे इथल्या 'नकल'चा, अर्ज निकालाच्याच दिवशी करावा. अल्पवयीन मुलांचा वाटा न्यायाधिकरण ते सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला लावते. शाळेच्या फीसाठी किंवा आजारपणासाठी त्यातले पैसे हवे असतील तर शुल्काची पावती जोडून न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. काकूंनी नातीच्या फीसाठी असा अर्ज दोनदा केला आणि दोन्ही वेळा तो मंजूर झाला.